आजोबांच्या रेकॉर्डी आणि माझी सुई

मागच्या दिवाळीत इंदूरच्या आमच्या घरी माळा साफ करताना आजोबांची रेकॉर्डींची पेटी निघाली. काही एलपी आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बालगंधर्वांच्या जाड, काळ्या तबकड्या. मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री लॅपटॉपवर बीट्स बनवतो, त्यामुळे डोक्यात लगेच सॅम्पलिंग सुरू झालं. म्हणजे जुन्या रेकॉर्डवरचा दोन-चार सेकंदांचा तुकडा संगणकात घ्यायचा, कापायचा आणि त्याभोवती नवीन काही रचायचं.

उत्साहात मी सर्वांत स्वस्त टर्नटेबल मागवलं. सूटकेससारखं उघडणारं, स्पीकर आतच असलेलं. दिसायला झकास! पण अशा खेळण्यांची सुई रेकॉर्डवर साधारण पाच ग्रॅम भार टाकते, चांगल्या कार्ट्रिजला दोनच्या आसपास पुरतो. त्यातही सुई उड्या मारायला लागली, तेव्हा मी आर्मवर एक रुपयाचं नाणं ठेवलं. होय, इंजिनीअर असून! आजीच्या आवडत्या भावगीतांच्या एलपीवर एक गाणं मी लूप शोधायला तीसेक वेळा वाजवलं. आता त्यातल्या वरच्या सुरांवर खरखर येते. आजी काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग मात्र नीट अभ्यास केला. डीजेंना डायरेक्ट ड्राइव्ह लागतो, कारण तबकडी झटक्यात सुरू व्हावी लागते आणि हाताने मागेपुढे करता यावी लागते. नुसतं सॅम्पल घ्यायचं असेल तर बेल्टवालंही चालतं. वेग कमी-जास्त करायच्या पट्टीसाठीही जादा पैसे देऊ नका, ते काम सॉफ्टवेअर करतं. पैसे घालायचे ते सुईत आणि बाहेर येणाऱ्या सिग्नलमध्ये. कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त केलेले असतात, ते पूर्ववत करायला फोनो प्रीअँप लागतो. तो आतच असेल तर बरं. तिथून लाइन-आउट ऑडिओ इंटरफेसमध्ये घ्या.

फक्त एलपी असतील तर ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-६०एक्स पुरेसं आहे. सगळं आपोआप होतं. पण सुईचा भार बदलता येत नाही आणि वेग फक्त ३३ व ४५. आमच्या बालगंधर्वांच्या तबकड्या ७८ च्या! ४५ वर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये १.७३ पट वेग वाढवता येतो, मी करून पाहिलं. तरी सुईचा प्रश्न उरतोच. ७८ च्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७६ मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीच्या सुईचं टोक १८ च्या आसपास. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी कचराच ऐकू येतो.

शेवटी साधारण दुप्पट पैसे मोजून एलपी-१२०एक्स घेतलं. त्यात ७८ चा वेग आहे, भार बदलता येतो आणि सोबतच्या कार्ट्रिजवर ७८ साठीची वेगळी सुई हातानेच बसवता येते. तिचा भार मात्र पाच ग्रॅमच ठेवायचा. लाखेच्या तबकडीला तो चालतो, एलपीला नाही. सुई बदलली की काटा बदलायचा, हे मी झाकणावर चिकटवून ठेवलंय. आणि ७८ ची तबकडी अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते.

नवीन सुईवर पहिल्यांदा ७८ ची तबकडी लावली. मागचं ऑर्गन स्पष्ट ऐकू आलं. (आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो, गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे. काही प्रसिद्ध करण्याआधी तपासा.) त्यातले दोन सेकंद घेऊन मी लूप बनवला आणि आजीला हेडफोन दिला. तिने डोळे मिटून ऐकलं. चौथ्या फेरीला हेडफोन काढला.

"अरे, हा पुढे गातच नाही! तिथेच काय अडकलाय?"

मग मला पूर्ण तबकडी लावावी लागली. दोन्ही बाजू.