दोन शब्दांतले अंतर

समानार्थी शब्द शिकवताना मला हटकून एका पत्राची आठवण होते. फराळाच्या ताटाशी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण घरात मुली वाढत असताना तो टाळावा तरी कसा?

१९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. मुख्य कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच असणार!

कायद्याचे प्राध्यापक एरवी जड इंग्रजीत टिपण लिहितात, ते ग्रंथालयात धूळ खाते. पण उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघांनी १९७९ च्या सप्टेंबरात सरन्यायाधीशांनाच उघडे पत्र धाडले. मुद्दा आजीलाही पटावा असा: निमूट सोसणे निराळे, राजी होणे निराळे. रात्रीची वेळ, दार लावलेले, समोर वर्दी. पोर ओरडणार कोणापुढे?

१९८० मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ म्हटले, की न्यायालय ते खरे धरून चालते.

परवा सोलापुरात तास संपल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, ते पत्र मराठीत वाचायचंय.” भाषांतर करायला घेतले आहे. ‘सबमिशन’पाशी अडलो आहे. शरणागती म्हणावे, की अगतिकता?