खरी मालमोटार कोणती?

अमेरिकेंत शेतकरी, सुतार, गवंडी वगैरे लोक ज्या लहान मालमोटारीवर आपला प्रपंच चालवितात तिला पिकअप म्हणतात. पुढें माणसांची बैठक व मागें उघडा हौदा, एवढीच तिची ठेवण. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या मॉडेल टी गाडीस असा हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विकावयास काढिली.

अलीकडे अशा गाड्या विजेवर चालूं लागल्या आहेत. २०२१ सालीं रिव्हियन, २०२२ सालीं फोर्डची लाइटनिंग व २०२३ सालीं टेस्लाची सायबरट्रक गिऱ्हाइकांच्या हातीं पडली. आणि हिला खरी मालमोटार म्हणावें काय, हा वाद तेथें सुरू झाला.

कित्येक म्हणतात कीं, मालमोटारीचा हौदा व बैठक वेगळ्या पोलादी सांगाड्यावर बसविलेलीं असलींच पाहिजेत. याच कारणास्तव होंडाच्या पेट्रोलवरील रिजलाइनलाही त्यांनीं पंगतींतून उठविलें होतें. परंतु लाइटनिंगला असा सांगाडा असूनही आक्षेप थांबला नाहीं. तेव्हां सांगाडा हें निमित्त. इंजिनाची परिचित गर्जना ऐकूं येत नाहीं, हेंच खरें दुःख दिसतें! उलट, ज्यांच्या हौद्यांत विटेचा तुकडाही कधीं पडला नाहीं अशा पेट्रोलच्या मालमोटारींविषयीं कोणी शंका घेत नाहीं.

आमच्या मतें कसोटी एकच: ओझें. लाइटनिंगच्या एका प्रकारांत २,२०० पौंडांवर माल मावतो व तिचा दुसरा एक प्रकार १०,००० पौंडांपर्यंतची जोडगाडी ओढूं शकतो. रिव्हियन ११,००० पौंड ओढते. शिवाय लाइटनिंगच्या बॅटरीवर सुताराची करवतही चालते. घरापासून दहा-वीस मैलांवर काम करून रात्रीं परतणाऱ्या कारागिरास ती निःसंशय खरी मालमोटार होय.

पण न्याय दोन्ही बाजूंनीं व्हावा. मोठ्या बॅटरीची लाइटनिंग रिकामी असतां सुमारें ३२० मैल जाते. मागें जड जोडगाडी लाविली कीं हा पल्ला निम्म्यावर येतो. पेट्रोलची टाकी पांच मिनिटांत भरते, बॅटरीला जलद चार्जरवरही निदान अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून दूरदूर गुरें वाहून नेणाऱ्यास ती अद्याप पुरी पडत नाहीं. डिसेंबर २०२५ मध्यें फोर्डनें लाइटनिंग बंद करून पुढील गाडींत बॅटरी भरण्यास पेट्रोलचें जनित्र बसविण्याचें जाहीर केलें, त्यांत या उणिवेची कबुलीच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, नांव, आवाज व डौल यांवरून योग्यता ठरविण्याची खोड केवळ मोटारींपुरती नाहीं. कोणतीही नवी वस्तु पुढें आली असतां ती जुन्यासारखी दिसते काय, असें विचारूं नका. कोणाचें ओझें ती हलकें करिते आणि कोठें कमी पडते, हे दोन प्रश्न विचारा. दोहोंचीं उत्तरें मिळाल्यावांचून दिलेला निकाल हा निकाल नव्हे, आवड आहे.