काळी रेती, पांढरी पूड

रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या भूशिराच्या एका अंगाला मांडवीची काळी रेती, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. डोंगरावर जांभा. जांभा म्हणजे काळ्या कातळाचीच झीज. पावसाने सिलिका धुऊन नेली, लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहिले, म्हणून चिरा लाल. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागली की कडक. हे आमच्या गवंड्यांना पुस्तकाविना ठाऊक आहे.

काळ्या रेतीचे मात्र आपण कधी विचारले नाही. तिच्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टिटॅनियम. त्यातून टिटॅनियम डायऑक्साइडची पांढरीशुभ्र पूड निघते. घराच्या रंगात ती, पॉलिस्टर धाग्याची चकाकी मारायलाही तीच. आम्ही इतकी वर्षे 'सेमी डल' माल विकला, पण हा 'डल' कशाने होतो, हे फार उशिरा कळले!

केरळात चवरा येथे सरकारी कारखाना ही पूड बनवतो. इकडे आमचे बिरादर रेतीच्या ठेक्याची आणि ट्रकची स्वप्ने पाहतात. आमच्या मते हा घाट्याचा सौदा आहे. रेती गेली की किनारा खचतो, आणि खरा नफा पूड करणाऱ्याकडे जातो. त्याला हुन्नर लागते, ट्रक नव्हे.

आमच्या धाकट्याने रसायनशास्त्र घेतले आहे. दुकानावर बसणार नाही म्हणतो. आम्हीही आग्रह सोडला.