आगगाडीचं पुढे काय?

आमच्या घरी पहिल्यांदा येणारी माणसं आतल्या खोलीतली छोटी आगगाडी बघून दोन प्रश्न हमखास विचारतात. "किती खर्च आला हो?" आणि "पण याचा उपयोग काय?" पहिल्याचं उत्तर आमचे हे कधीच देत नाहीत, आणि खरा आकडा मलाही आजवर कळलेला नाही. दुसऱ्याचं उत्तर देणं मी सोडून दिलंय. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि खरा तोच आहे : तुमच्या मागे याचं काय करायचं?

आमची सोसायटी यंदा पुनर्विकासाला गेली, त्यामुळे हा प्रश्न जरा लवकरच दारात येऊन उभा राहिला. दिवाळीनंतर जागा रिकामी करायची आहे. भाड्याच्या घरात एक खोली कमी आहे. आणि आगगाडी तर भिंतींना ब्रॅकेट ठोकून बसवलेली, बारा फूट बाय आठ फूट. खाट हलवावी तशी ती हलत नाही.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जगभरातली बहुतेक हौशी मंडळी 'एचओ' नावाच्या मापात गाड्या करतात. म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग. खरा एक किलोमीटर इथे साडेअकरा मीटरमध्ये बसतो. ऐकायला सोयीचं वाटतं, पण गणित करून बघा. मुंबई-पुणे १९२ किलोमीटर. या मापातसुद्धा ते सव्वादोन किलोमीटर होतात! आपला जुन्या पद्धतीचा निळा डबा साधारण पंचवीस सेंटिमीटरचा होतो. म्हणजे सतरा डब्यांची पूर्ण गाडी करायची तर सव्वाचार मीटरच्या वर लांबी, आणि आमचा हॉलच तेवढा नाही. म्हणून सगळे लोक पाच-सहा डब्यांवर भागवतात आणि एकमेकांना त्याबद्दल काही बोलत नाहीत.

भारतीय गाड्या करणाऱ्यांची आणखी एक पंचाईत आहे. एचओचे बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात. त्याला सत्त्याऐंशीने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतली रुंदी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची! हिशेबाने आपले रूळ एकोणीस मिलिमीटरच्या थोडे वर हवेत. एवढ्या पावणेतीन मिलिमीटरवरून चार साठी-सत्तरीतली माणसं आमच्या घरी तावातावाने भांडलेली मी पाहिली आहेत. एक पक्ष म्हणतो, इंजिन हुबेहूब आपलं असताना खाली परदेशी रूळ म्हणजे नऊवारीवर सँडल. दुसरा पक्ष म्हणतो, मग प्रत्येक रूळ हाताने घाला, प्रत्येक चाक बदला, आणि मरेपर्यंत एकच स्टेशन पुरं करा. आमचे हे दुसऱ्या पक्षाचे. मलाही ते पटतं. नाटकात पडद्यावर रंगवलेलं झाड आपण झाड म्हणून चालवून घेतोच की.

यांनी घाट केलाय. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली तेव्हा खंडाळ्याच्या खाली एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' होतं. चढण फार म्हणून गाडी एका दिशेने वर यायची, थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने गाडी पुढे चढायची. नंतरच्या काळात नवा मार्ग काढून ते टाळलं. पण ज्याच्याकडे जागा कमी त्याला ही युक्ती फार सोयीची, कारण मोठं वळण घ्यावंच लागत नाही. घाटाचा चढ सदतिसात एक. आणि गंमत म्हणजे चढाला माप लागत नाही! सदतिसात एक तो सदतिसात एकच. चार फुटांत सव्वा इंच चढ. खऱ्या घाटात कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, तशी इथेही लावावी लागतात, नाहीतर गाडीची चाकं जागच्या जागी फिरतात. हे मला आवडतं. बाकी सगळं खोटं असलं तरी चढ खरा आहे.

आता या मंडळींचा आठवडा. सोमवार ते शुक्रवार फोनवर बोलणं : जर्मनीहून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलं, डिकोडर जळला, अमक्याने तमक्या इंजिनाची बॉडी थ्रीडी प्रिंट करून आणली. शनिवारी साफसफाई. ज्यांना वाटतं की हा छंद म्हणजे बटण दाबून गाडी पळवणं, त्यांनी एक शनिवार आमच्याकडे यावं. वीज रुळांतून चाकांत जाते. रुळावर धुळीचा, काळ्या थराचा पापुद्रा धरला की गाडी अडखळते. मग कापडाला स्पिरिट लावून एकेक फूट पुसत जायचं. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं आणि सांधे वर येतात. पुण्याच्या धुळीबद्दल मी काय सांगावं!

बाकीचं सामान माझ्या स्वयंपाकघरातून जातं. रुळांखालची खडी म्हणजे माझ्या पिठाच्या चाळणीने चाळलेली वाळू. ती बसवायला फेव्हिकॉल पाण्यात पातळ करतात आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकतात, म्हणजे ते पाणी वाळूवर थेंब होऊन न राहता आत झिरपतं. मग ड्रॉपरने सोडत बसायचं. घाटातली माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. लाकडाचा भुसा हिरवा रंगवला की गवत. तीन चाळण्या गेल्या, चौथी मी लपवून ठेवते.

रविवारी चार-पाच जण जमतात आणि गाड्या वेळापत्रकाने सोडतात. इथे मला जे म्हणायचं आहे ते काही भावजींना आवडणार नाही, पण म्हणते. हा छंद पुरुषांचा का झाला? हाताचं कौशल्य तर बायकांकडे काही कमी नसतं. माझं मत असं की प्रश्न जागेचा आणि रविवारचा आहे. आमच्या पिढीतल्या बाईचा छंद पिशवीत मावणारा असावा लागायचा. विणकाम, भरतकाम, क्रोशा... पाहुणे आले, कुकरची शिट्टी झाली, की गुंडाळून ठेवता येईल असा. सबंध खोली अडवून बसणारा आणि जेवायच्या वेळी न आवरला जाणारा छंद घरात एकालाच करता येतो, आणि तो कोण हे आधीच ठरलेलं असतं. मी निवृत्त झाल्यावर रविवारचा चहा त्यांचा त्यांनी करायचा असं ठरवलं. गेली चौदा वर्षं तो तेच करतात. बरा करतात. पण नव्या मुलींना जर हे करावंसं वाटत असेल तर त्यांना खोली मिळाली पाहिजे, पिशवी नव्हे. असो.

'उपयोग काय' याचं उत्तर देणं मी का सोडलं तेही सांगते. उत्तरं पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ पासून विद्यार्थ्यांचा एक मॉडेल रेल्वे क्लब आहे. तिथल्या पोरांनी गाड्यांच्या स्विचांशी खेळता खेळता कॉलेजातल्या संगणकांना हात घातला, आणि 'हॅक' हा शब्द संगणकाच्या जगात आणण्यात त्यांचा मोठा वाटा मानतात. हे सांगितलं की पाहुणे माना डोलावतात. मेंदू तल्लख राहतो, हात थरथरत नाही, हेही सांगता येतं. पण छंदाला असं उपयोगाच्या कोर्टात उभं करून निर्दोष सोडवून आणायचं कशासाठी? रोज तीन तास टीव्हीवरच्या मालिका बघणाऱ्याला कुणी उपयोग विचारत नाही. काहीतरी करत बसणाऱ्यालाच विचारतात.

तर, पुढे काय.

कॅलिफोर्नियात जॉन ॲलन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी घराच्या तळघरात डोंगरदऱ्यांची अशी काही रेल्वे उभी केली होती की या छंदातली मंडळी अजून तिचे फोटो काढून बघतात. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि काही दिवसांतच घराला आग लागून बहुतेक सगळं जळून गेलं. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांची 'मॅडर व्हॅली' मात्र त्यांच्या पश्चात पेंडन नावाच्या संग्रहालयात गेली आणि जपली गेली. आपल्याकडे कोथरूडला भाऊसाहेब जोशींच्या छंदाचं १ एप्रिल १९९८ रोजी जाहीर संग्रहालय झालं. पुण्यातल्या किती मुलांनी तिथे नाक काचेला लावून पहिली छोटी आगगाडी पाहिली असेल! पण यातलं एक भाग्याचं, एक दुर्भाग्याचं आणि एक कर्तृत्वाचं उदाहरण. सामान्य हौशी माणसाच्या गाडीचं यातलं काहीच होत नाही. मुलं परगावी किंवा परदेशी. इंजिनं कुणीतरी घेतो, आणि डोंगर, बोगदे, स्टेशन, दहा-पंधरा वर्षांचे रविवार, हे सगळं भंगारवाला प्लायवूडच्या भावाने नेतो. मी हे गेल्या काही वर्षांत दोन घरांत पाहिलं. दोन्ही वेळा घरच्यांची चूक नव्हती. जागा कुठून आणायची?

आमच्याकडे सूचना आल्या आहेत. मित्रमंडळी म्हणतात, अख्खी उचलून गोडाऊनमध्ये ठेवा. दोन-अडीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, उंदरांच्या सोबतीला? मुलगा म्हणतो, व्हिडिओ काढून ठेवू या. भाऊ म्हणाला, शाळेला दे. शाळेचं मला सांगू नका, एकतीस वर्षं शाळेत काढली आहेत. पहिल्या दिवशी हार घालून फोटो, दुसऱ्या दिवशी वर प्लास्टिक, तिसऱ्या दिवसापासून खोलीला कुलूप, कारण "मुलं मोडतील". प्रयोगशाळेतली न फुटलेली काचपात्रं मी पाहिली आहेत. ती वापरलीच नव्हती म्हणून फुटली नव्हती.

माझं म्हणणं, कापावी. युरोपात १९८१ पासून 'फ्रेमो' नावाची हौशी लोकांची संघटना आहे. तिच्यात कुणीच अख्खी रेल्वे घरात करत नाही. प्रत्येकाने एक तुकडा करायचा, एखादं स्टेशन, एखादा पूल. फक्त तुकड्याची टोकं ठरलेल्या मापाची ठेवायची, म्हणजे ती कुणाच्याही टोकाला जुळतात. मग वर्षातून काही वेळा एखादा मोठा हॉल घेऊन सगळे आपापले तुकडे आणतात, जोडतात, आणि लांबच लांब मार्गावर वेळापत्रकाने गाड्या चालवतात. घड्याळही वेगाने पळणारं ठेवतात, म्हणजे एका दुपारी पूर्ण दिवसाची वाहतूक होते. दोन-तीन खोल्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून सोयीचं काय असेल? एका माणसाची एक मोठी गाडी त्या माणसाबरोबर संपते. पाच घरांत पाच तुकडे असले तर एक घर बंद झाल्यावर चार उरतात. आणि मुलांना हात लावू द्यायचा असेल तर तुकडा आटोपशीरच हवा. मोडला तरी एका रविवारी दुरुस्त होतो.

यांनी अजून हो म्हटलेलं नाही. "घाट कापायचा?" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस त्या खोलीत गेले नाहीत. मी काही बोलले नाही. पण परवा दुपारी कर्जत स्टेशनाच्या फलाटावर मोजपट्टी पडलेली दिसली, आणि बोगद्याच्या अलीकडे प्लायवूडवर पेन्सिलीची बारीक रेघ. रेघ सरळ नव्हती, रिव्हर्सिंग स्टेशनाला वळसा घालून गेली होती. तेवढं अख्खं ठेवायचं असा त्यांचा विचार दिसतो, आणि ते बरोबरच आहे.

म्हणजे तुकडे चार होतील. रिव्हर्सिंग स्टेशन आमच्याबरोबर भाड्याच्या घरी येईल. कर्जत ठाण्याच्या भाच्याने मागितलंय, त्याच्या मुलीसाठी; ती नऊ वर्षांची आहे आणि तिला इंजिनांचे नंबर पाठ आहेत. उरले दोन : एक बोगद्याचा, साडेचार फूट बाय दीड, आणि एक पुलाचा, चार फूट बाय दीड. नात्यातल्या वा ओळखीच्या कुणाला हवा असेल तर आधी भिंतीलगतची जागा मोजून मग कळवावं. पुलाखाली पाणी दाखवलंय ते राळेचं आहे, त्यावर काही जड ठेवू नये. चाळणी ज्याची त्याने आणायची.