हाती बंदूक, दारूचा दुष्काळ

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो. त्यात केवळ चकमकीची ठासणीची बंदूक चालते. तिची रंजक पेटावयास अस्सल काळी दारूच हवी. नव्या पर्यायी चूर्णांना अधिक उष्णता लागते, ती ठिणगीस दाद देत नाहीत. कारखान्यात तयार झालेली अशी 50 पौंड दारू हौशी माणसाने विनापरवाना बाळगण्यास तेथील केंद्रीय कायद्याची मुभा आहे. परंतु विक्रेत्यास स्फोटकांचा परवाना व सुरक्षित कोठार लागते. साहजिकच पुष्कळ दुकानदार ती ठेवीतच नाहीत. काही राज्यांचे निर्बंध तर याहूनही कडक आहेत.

काळी दारू एका ठिणगीने भडकते. तेव्हा कोठाराचा नियम अनाठायी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सोरा, गंधक व कोळसा ही तिची घटकद्रव्ये शाळकरी मुलासही ठाऊक असतात. दुकानाचे दार बंद झाले, की एखादा उतावळा हौशी घरीच खलबत्ता काढील. तो धोका कोठाराहून मोठा नव्हे काय? नेमबाजांच्या मंडळांना नोंदवहीसह सामाईक कोठार ठेवण्याची सोय राज्यांनी करून द्यावी. कायद्याने दिलेली मुभा व्यवहारात हिरावली जाऊ नये.