गिऱ्हाईक नसलेला माणूस

‘ग्राहक हा आमचा देव’ अशी पाटी गल्ल्यामागे लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पाटी वाईट नाही, अपुरी आहे. ज्याच्या खिशातून पैसा यायचा त्याच्यापुढे कोणीही वाकतो. ज्याच्याकडून एका पैचाही लाभ नाही, त्याच्याशी व्यापारी कसा वागतो, यावरूनच त्याची नीती पारखावी.

रत्नागिरीकरांना स्टरलाइटचे नाव नवे नाही. तांबे वितळवून शुद्ध करण्याच्या तिच्या कारखान्याविरुद्ध १९९३ साली येथील लोक रस्त्यावर उतरले. आंबा बागायतदार किंवा मच्छीमार त्या कंपनीचे गिऱ्हाईक कधीच होणार नव्हते. तांबे जाणार होते तारा बनविणाऱ्यांकडे. गंधकाचा धूर मात्र हापूसच्या मोहोरावर उतरण्याची धास्ती होती. बांधकाम थांबले आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला.

पण कंपनीने शेजारी तेवढा बदलला. कारखाना तामिळनाडूत, तुतिकोरीनला गेला. १९९४ साली तेथे पायाभरणी झाली. पुढे प्रदूषणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कंपनीला १०० कोटी रुपयांची भरपाई द्यावयास लावली. २२ मे २०१८ रोजी, आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, पोलिसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्या दोन दिवसांच्या गोळीबारात १३ माणसे गेली. त्याच महिन्यात राज्य सरकारने कारखान्याला टाळे ठोकले. तो पुन्हा उघडण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली नकार दिला.

कोणी म्हणेल, ‘कारखान्याने रोजगार दिला, देशाला तांबे पुरविले.’ खरे आहे. २०१३ साली न्यायालयानेही ही बाजू लक्षात घेऊनच तो बंद केला नव्हता. परंतु ज्याला तांबे मिळते त्याचे नाव विक्रीच्या वहीत असते, ज्याला रोजगार मिळतो त्याचे हजेरीपटावर. जो केवळ शेजारी राहून श्वास घेतो, त्याचे नाव कोठे असते? गिऱ्हाइकाला माल पसंत नसेल तर तो दुसरे दुकान गाठतो. शेजाऱ्याला दुसरी हवा कोठून मिळणार? ज्याला निवड करता येत नाही त्याचेच ऋण मोठे, आणि नेमके तेच कोणत्याही ताळेबंदात मांडले जात नाही.

शेजारी कोण, असे शास्त्र्याने येशूला विचारले, तेव्हा उत्तरात परका शोमरोनीच पुढे आला. मग रत्नागिरीने नाकारलेला धूर ज्यांच्या अंगणात गेला, ते तुतिकोरीनकर आपले कोण?

आपल्या घरांच्या भिंतींतूनही तांब्याच्याच तारा धावतात. म्हणजे आपण गिऱ्हाईक आहोत. आणि बाजारात गिऱ्हाइकाचा शब्द ऐकला जातो. तो केवळ भाव पाडून घेण्यासाठी खर्चू नये. वस्तू विकत घेताना ‘हिचा धूर कोणाच्या दारात गेला?’ एवढे तरी आपण विचारलेच पाहिजे. ज्याचे ऐकले जाते त्यानेच विचारले नाही, तर ज्याचे ऐकले जात नाही त्याने काय करावे?