पर्याय कायद्याचा, भार आईचा
लखनौच्या तेलीबागमध्ये माझ्या शेजारची एक आई घरकाम सांभाळून दोन मुलांना घरीच शिकवते. थोरल्याला वाचन-लेखनाची अध्ययन-अक्षमता आहे, धाकटीला बहुविकलांगता. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने बहुविध वा तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना घरून शिकण्याचा पर्याय दिला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेलाही मान्यता दिली. मात्र तो पर्याय थोरल्यासारख्यांपर्यंत विस्तारला नाही. त्याला शाळेतच सुयोग्य अध्यापन मिळायला हवे. धाकटीकडे शिक्षक नियमित येणार नसेल, तर तिचा हक्क म्हणजे शासनाने आईकडे सोपवलेले बिनपगारी काम ठरते. प्रशासनात आम्ही पटावरची नावे मोजत आलो. आता शिक्षकांच्या गृहभेटी मोजाव्यात.